कॅलिफोर्नियात बॅस गरवण्यासाठी स्विमबेट: निवड आणि वापर, पायरीपायरीने

बॅस हा गोड्या पाण्यातला, छोटे मासे गिळणारा शिकारी मासा. पाण्यातून ओढले की शेपटी किंवा अंगाचे सांधे हलवत जिवंत माशासारखे पोहणाऱ्या कृत्रिम आमिषाला स्विमबेट म्हणतात. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात आलेल्या आणि लहानपणी कोकणातल्या खाडीत, गोव्यात किंवा गावाकडच्या धरणावर गरी टाकलेल्या अनेक मराठी मंडळींचे हात इथली तळी पाहून शिवशिवतात. मात्र साहित्याच्या दुकानात शिरल्यावर समोर भिंतभर स्विमबेट टांगलेले दिसतात. काही पाच-सहा डॉलरला पाकीटभर मिळतात, तर काहींच्या एकेका नगाला शंभर डॉलरहून अधिक पडतात, आणि यातले आपल्याला नेमके कोणते हवे हे कुणी सांगत नाही. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: स्विमबेटची निवड तळ्याच्या काठावर करायची असते, दुकानात नव्हे. त्या पाण्यातला बॅस कोणता मासा खातो आणि किती खोलीवर खातो, हे कळले की भिंतीवरचे बहुतेक पर्याय आपोआप गळून पडतात.

पायरी १: परवाना आणि त्या पाण्याचे नियम

सोळा वर्षे आणि त्यापुढील वयाच्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियात मासेमारीचा परवाना लागतो. तो राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर किंवा साहित्याच्या दुकानात मिळतो. २०२३ पासून वार्षिक परवाना खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे वर्ष संपत आले म्हणून खरेदी पुढे ढकलण्याचे कारण उरलेले नाही. रहिवासी दराचा परवाना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राज्यात सलग राहिलेल्यांना मिळतो. नुकतेच आलेल्यांनी किंवा भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी कमी दिवसांचा परवाना घ्यावा. एका वेळी दोन रॉड वापरायचे असतील तर त्यासाठी वेगळी नोंद विकत घ्यावी लागते, आणि नवखे लोक हीच गोष्ट हमखास विसरतात.

सोबत असू द्या:

- परवाना आणि फोटो असलेले ओळखपत्र
- तळ्याचे प्रवेशशुल्क किंवा दिवसभराचा पास, जिथे लागतो तिथे
- त्या पाण्याला लागू असलेल्या मर्यादांचा कागद किंवा फोनमधली प्रत

बहुतेक तलावांत आणि सॅक्रामेंटो–सॅन होआकिन नद्यांच्या डेल्टामध्ये (त्रिभुज प्रदेशात) बॅससाठी किमान १२ इंच लांबी आणि दिवसाला ५ मासे अशी मर्यादा आहे, पण काही तळ्यांचे नियम निराळे असतात. म्हणून जाण्याआधी त्या तळ्याचे नाव शोधून नियम वाचावेत. पिण्याच्या पाण्याच्या अनेक जलाशयांत पाण्यात उतरायला मनाई असते. अडकलेले आमिष सोडवायला गुडघाभर पाण्यात जाण्याची आपली सवय तिथे दंडाला कारण होऊ शकते. स्वतःची किंवा भाड्याची बोट न्यायची असेल तर बाहेरून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या आक्रमक शिंपल्यांसाठी तपासणी होते. डेल्टामध्ये २०२४ साली सोनेरी शिंपले सापडल्यापासून ही तपासणी अनेक ठिकाणी अधिक कडक झाली आहे.

पायरी २: पाणी ओळखा

खरेदीच्या आधी एक फेरी नुसती पाहणीसाठी करावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. काठाच्या कडेने सावकाश चाला आणि उथळ पाण्यात कोणते छोटे मासे आहेत ते पाहा. हाताच्या तळव्याएवढे, अंगाने चपटे-गोलसर, लव्हाळ्याजवळ स्थिर उभे असलेले मासे दिसले तर ते बहुधा ब्लूगिल. चांदीसारखे चमकणारे, बोटभर लांबीचे, एकत्र वळणारे थवे दिसले तर ते बहुधा शॅड. तळ्यावर हिवाळ्यात ट्राउट (थंड पाण्यातला, खाण्याजोगा मासा) सोडतात का, हे राज्याच्या वेळापत्रकावरून आणि तिथल्या दुकानदाराकडून कळते.

उदाहरणादाखल दोन ठिकाणे घेऊ. क्लिअर लेक हे पूर्णपणे कॅलिफोर्नियाच्या हद्दीत असलेले सर्वांत मोठे नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तिथला बॅस शॅड, ब्लूगिल आणि हिच नावाचा स्थानिक मासा खातो. हिच हा राज्याच्या यादीत धोक्यात आलेला मासा असल्याने त्याला हात लावायचा नाही, पण त्याच्या आकाराचे आणि रंगाचे स्विमबेट तिथे चालतात. डेल्टामध्ये भरती-ओहोटी असते. पाणी चढते-उतरते तसा मासा लव्हाळ्यात शिरतो किंवा कडेला येतो, आणि तिथे ब्लूगिल व शॅड या दोहोंची नक्कल उपयोगी पडते. खाडीवर वाढलेल्या माणसाला हे गणित लवकर कळते.

दक्षिण कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आहे. १९५९ साली सॅन डिएगो भागात फ्लोरिडा जातीचा बॅस आणून सोडला गेला. हा बॅस मुळातच मोठा वाढतो. त्यात शौकीन मंडळींसाठी हिवाळ्यात जलाशयांत सोडलेले ट्राउट त्याला आयते खायला मिळू लागले. १९९१ साली कास्टेक तलावात २२ पौंडांहून किंचित जास्त वजनाचा बॅस पकडला गेला. आठ-आठ इंची ट्राउटच्या आकाराचे स्विमबेट याच पट्ट्यात घडले आणि तिथून जगभर गेले. म्हणजे त्या मोठ्या आमिषामागे त्या तळ्यांतला ट्राउट आहे. ज्या तळ्यात ट्राउट कधी सोडलेच जात नाहीत तिथे ट्राउटच्या रंगाचे महागडे स्विमबेट घेणे हा नवख्यांसाठीचा पहिला सापळा.

मोठा बॅस मोठा घास घेतो, हे मात्र सगळीकडे खरे आहे. १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बॅसच्या विक्रमाशी बरोबरी २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली. तो मासा जिवंत ब्लूगिलला लागला होता.

पायरी ३: प्रकार ठरवा

नवख्याने चार प्रकार ओळखता येण्याइतके शिकावे.

*छोटे, वल्ह्यासारख्या शेपटीचे मऊ स्विमबेट.* लांबी साधारण ३ ते ५ इंच. हे वजनाच्या गळावर, म्हणजे जिगहेडवर, ओवून वापरतात. शॅडच्या थव्यांसाठी आणि कोणत्याही अनोळखी पाण्यासाठी सुरुवात इथूनच करावी. स्वस्त असल्यामुळे अडकून तुटले तरी जीव हळहळत नाही, आणि छोटा-मोठा कोणताही बॅस ते घेतो.

*गवतातून जाणारे मऊ स्विमबेट.* रुंद, वजन लावलेल्या गळाचे टोक आमिषाच्या पाठीत लपवलेले असते, त्यामुळे ते लव्हाळ्यात आणि पाणगवतात अडकत नाही. डेल्टासाठी हे जवळजवळ अनिवार्य आहे.

*मोठे मऊ स्विमबेट.* ६ ते ८ इंच, आतच वजन आणि गळ बसवलेला. यांतल्या काहींवर बुडण्याच्या वेगाचा आकडा असतो. हडलस्टन या कंपनीच्या आठ इंची ट्राउटवर १२ असा आकडा असेल तर ते १० सेकंदांत सुमारे १२ फूट बुडते. खोली ठरवायला ही माहिती फार मोलाची आहे, म्हणून खरेदी करताना खोक्यावर ती आवर्जून शोधावी.

*ग्लाइड बेट.* कडक अंगाचे, मध्ये एकच सांधा असलेले. रिळाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यागणिक ते डावीकडे-उजवीकडे सरकत येते. स्वच्छ पाण्यात लांबून मासा ओढून आणण्यात याला तोड नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर लाट उठवत येणारे वेक बेट आणि अनेक सांध्यांचे कडक स्विमबेटही मिळतात, पण ते पहिल्या हंगामात नसले तरी काही बिघडत नाही.

पहिल्या खरेदीत साडेतीन ते चार इंची मऊ स्विमबेटची दोन पाकिटे घ्यावीत, एक शॅडच्या चंदेरी रंगाचे आणि एक ब्लूगिलच्या हिरवट-तपकिरी रंगाचे. सोबत पाव औंस आणि तीन-अष्टमांश औंसाचे जिगहेड, आणि गवत असेल तर गवतासाठीचे तीन-चार गळ. ग्लाइड बेट घ्यायचेच असेल तर सहा ते सात इंचांचे, मध्यम किमतीचे एकच घ्यावे. गढूळ पाण्यात रंगाच्या बारकाव्यांपेक्षा गडद आकृती आणि जोरात हलणारी शेपटी जास्त कामाची असते.

पायरी ४: रॉड, रीळ आणि बाकी साधने

रॉडवर, मुठीच्या थोडे वर, तो किती वजनाच्या आमिषासाठी आहे ते छापलेले असते. दुसरा सापळा इथेच आहे. एक औंसापर्यंतच्या रॉडवर अडीच औंसाचे स्विमबेट बांधून जोराने फेकले की एक तर रॉड टोकाशी तुटतो किंवा दोरी तुटून आमिष एकटेच तळ्यात जाते.

- छोट्या स्विमबेटसाठी: सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, साधे स्पिनिंग रीळ, १० पौंड ताकदीचे फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी) किंवा तेवढ्याच ताकदीचा नायलॉनचा तंगूस
- गवतातल्या स्विमबेटसाठी: सात फुटी मध्यम-भारी रॉड, बेटकास्टिंग रीळ (रॉडच्या वर बसणारे, फेकताना चक्र फिरणारे), ५० पौंडांची विणलेली दोरी
- दोन ते चार औंसांच्या मोठ्या स्विमबेटसाठी: साडेसात ते आठ फुटी भारी रॉड, मोठ्या आकाराचे बेटकास्टिंग रीळ, २० ते २५ पौंडांचे फ्लुरोकार्बन किंवा तंगूस
- लांब चोचीची पक्कड आणि जाड गळ कापता येईल अशी कटर
- रबराची जाळी असलेले हातजाळे
- ध्रुवीकृत भिंगांचा चष्मा
- वजनकाटा, मोजपट्टी, सुपरग्लूची छोटी नळी

चष्म्याचा उल्लेख सहज म्हणून केलेला नाही. पाण्यावरची चकाकी कमी होऊन आमिषामागे येणारा मासा त्यातून दिसतो, आणि अडकलेले आमिष सुटून तोंडाकडे झेपावले तर डोळे वाचतात. मुले सोबत असतील तर त्यांनाही चष्मा द्यावा.

पायरी ५: गळावर सरळ ओवणे

मऊ स्विमबेट पोहते की नुसते फरफटते, हे ओवण्यावर अवलंबून असते. जिगहेड आमिषाच्या शेजारी आडवा धरा आणि गळाचे वळण आमिषाच्या पाठीवर जिथे येते तिथे नखाने खूण करा. मग गळाचे टोक नाकाच्या अगदी मध्यभागी खुपसून, आमिष हळूहळू पुढे सरकवत, त्याच खुणेतून पाठीच्या मधोमध बाहेर काढा. आमिष डोक्याला घट्ट चिकटले पाहिजे, पण मध्ये गोळा झालेले किंवा ताणलेले दिसता कामा नये. पाठीवरची रेघ आणि गळ वरून पाहिल्यावर एका ओळीत असावेत. डोक्याच्या मागे सुपरग्लूचा एक थेंब लावला की ते घसरत नाही.

यानंतर ते पायाजवळच्या पाण्यात दोन हात ओढून पाहा. शेपटी दोन्ही बाजूंना सारखी हलत असेल आणि अंग किंचित डुलत असेल तर ओवणे बरोबर आहे. ते एका कुशीवर कलंडत असेल तर काढून पुन्हा ओवा. तसेच फेकत राहिल्यास दिवस वाया जातो. पाकिटात दबून शेपटी वाकडी झाली असेल तर ती काही सेकंद गरम पाण्यात धरून लगेच थंड पाण्यात सरळ धरावी, ती पूर्ववत होते.

गाठ मारण्याआधी ओली करावी आणि मारल्यावर हाताने जोर लावून तपासावी. मोठ्या स्विमबेटच्या बाबतीत दर थोड्या वेळाने शेवटच्या हातभर दोरीवरून बोटे फिरवा, आणि खरखरीत लागली की तेवढा तुकडा कापून नव्याने बांधा.

पायरी ६: फेक

जड आमिष झटक्याने फेकायचे नसते. रॉडच्या टोकापासून दीड-दोन फूट दोरी सोडा, रॉड सावकाश मागे न्या, मागे आमिषाचे वजन जाणवले की एकाच लयीत पुढे आणा. बेटकास्टिंग रिळावर अंगठा हलका टेकलेला ठेवावा आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी चक्र थांबवावे, नाही तर दोरीचा गुंता होतो. दर फेकीआधी मागे पाहावे. तिहेरी गळाचे आमिष कुणाच्या अंगात घुसले तर गाठ थेट रुग्णालयाशी पडते.

पायरी ७: खोली आणि वेग

बॅसचे डोळे अशा जागी असतात की वरून जाणारी वस्तू त्याला सहज दिसते, म्हणून आमिष त्याच्या बरोबरीने किंवा किंचित वरून गेले पाहिजे. आमिष पाण्याला टेकल्यावर मनात अंक मोजायला सुरुवात करा. दोरी सैल पडली की आमिष तळाला लागले. समजा तो आकडा बारा आला, तर पुढच्या फेकीत दहाला ओढायला लागा, त्यापुढच्या फेकीत सातला, मग चारला. कोणत्या आकड्यावर धक्का लागतो हे लक्षात ठेवले की त्या दिवसाची खोली सापडली. मासा लागला की पहिला प्रश्न रंगाचा नसून आकड्याचा असावा.

वेगाबद्दल एकच कसोटी पुरेशी आहे. रॉडचे टोक पाण्याकडे झुकवून धरा आणि शेपटीचे ठोके मुठीत जाणवतील इतक्याच वेगाने रीळ फिरवा. मग वेग आणखी कमी करा, ठोके जेमतेम लागतील इथपर्यंत. हाच वेग. नवखा माणूस जवळजवळ नेहमीच याच्या दुप्पट वेगाने ओढतो, कारण काहीच घडत नसले की हात आपोआप घाई करतो. वेग वाढला की आमिष वर येते आणि ठरवलेली खोली सुटते. वेग न वाढवता खोल जायचे असेल तर जड जिगहेड लावावा, आणि वर राहायचे असेल तर हलका.

वरचेवर एखादा बदल द्यावा: दोन सेकंद थांबणे, रिळाचा एक झटपट फेरा, किंवा लव्हाळ्याच्या, खडकाच्या, धक्क्याच्या खांबाच्या अगदी जवळून जाताना आमिष तिथे हलकेच टेकवून सोडवणे. बरेचसे मासे एकसारख्या चालीत बदल होतो त्याच क्षणी लागतात.

ऋतूंप्रमाणे ढोबळ आराखडा असा ठेवावा. हिवाळ्यात ट्राउट सोडलेल्या तळ्यांत मोठे मऊ स्विमबेट तळालगत, अत्यंत सावकाश. फेब्रुवारीपासून वसंतापर्यंत, पाणी ५५ अंश फॅरनहाइटच्या पुढे तापू लागले की मोठ्या माद्या अंडी घालण्यासाठी उथळाकडे सरकतात, आणि ग्लाइड बेटला हा उत्तम काळ. उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी गवताच्या कडेने, ब्लूगिलच्या रंगात. शरद ऋतूत शॅडचे थवे खाड्यांसारख्या आत शिरलेल्या बगलांमध्ये जातात, तेव्हा पुन्हा छोटे चंदेरी स्विमबेट.

पायरी ८: मागे येणारा मासा आणि गळ लागणे

ग्लाइड बेटमागे बॅस येतो आणि नुसता पाहत राहतो, हे वारंवार दिसेल. आमिषाच्या शेपटीपासून वीतभर अंतर ठेवून तो येत असतो. अशा वेळी रीळ एकदम थांबवले तर बहुतेकदा तो वळून निघून जातो. त्याऐवजी रिळाचा अर्धा फेरा झटकन द्या आणि लगेच दोरी किंचित सैल सोडा. आमिष गर्रकन वळून त्याच्याच समोर तोंड करून उभे राहते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच तो तोंड उघडतो. तरीही परतला तर ती जागा लक्षात ठेवा, तासाभराने दुसऱ्या कोनातून किंवा छोट्या मऊ स्विमबेटने पुन्हा फेका. मागे आलेला मासा तिथे राहतो, ही माहितीच अर्धे काम करते.

धक्का लागताच रॉड वर उचलून झटका देण्याची सवय खाडीवरच्या गरवण्यातून आलेली असते. स्विमबेटच्या बाबतीत ती सोडावी. छोटे टोचे जाणवत असताना ओढत राहा. वजन भरले, दोरी जड झाली की रीळ भराभर फिरवून ढील काढा आणि रॉड कमरेच्या उंचीने बाजूला सलग ओढा. मासा हवेत उडी मारू लागला तर रॉडचे टोक पाण्यापर्यंत खाली न्यावे. वजनदार आमिष हवेत हेलकावे खाऊन गळ सोडवते.

पायरी ९: मासा हाताळणे

जाळ्यात घेतलेला मासा पाण्यातच ठेवून पक्कड, कॅमेरा आणि मोजपट्टी आधी तयार करावी. मोठा बॅस फक्त खालच्या जबड्याला धरून आडवा वाकवू नये, त्याने जबडा दुखावतो. एक हात जबड्याला, दुसरा ओला हात पोटाखाली, असा आधार द्यावा. तिहेरी गळ असेल तर मासा जाळ्यातच असताना पकडीने सोडवावा आणि बोटे दूर ठेवावीत. वसंतातल्या अंड्यांवरच्या माद्या तर शक्य तितक्या लवकर त्याच जागी सोडाव्यात.

घरी न्यायचा विचार असेल तर त्या तळ्यासाठी राज्याने दिलेला पाऱ्याविषयीचा सल्ला आधी वाचावा. क्लिअर लेकच्या काठी पाऱ्याची जुनी खाण आहे आणि मोठ्या, जुन्या बॅसच्या शरीरात पारा साठतो. गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी या सल्ल्यातल्या मर्यादा अधिक कडक असतात. खायचेच असेल तर तळ्यात सोडलेला ट्राउट बरा.

पायरी १०: आमिष जपणे

वेगवेगळ्या कंपन्यांचे मऊ प्लॅस्टिक एकत्र ठेवले तर ते एकमेकांत विरघळून चिकटते, आणि कडक डब्यांचा व कडक आमिषांचा रंगही खाते. म्हणून प्रत्येक मऊ स्विमबेट त्याच्या मूळ साच्यात, शेपटी सरळ ठेवून, ठेवावे आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नये. घरी आल्यावर गळ पुसून कोरडे करावेत. गळाचे टोक नखावर टेकवून हलके ओढावे. ते रुतले तर ठीक, घसरले तर कानशीने धार लावावी किंवा गळ बदलावा. फाटलेले मऊ स्विमबेट त्यासाठीच्या डिंकाने सांधले की आणखी बरेच मासे देते. पूर्णपणे निकामी झालेले कधीही पाण्यात टाकू नये, कारण मासे आणि बदके ते गिळतात. ते कचऱ्याच्या डब्यातच टाकावे, आणि काठावर कुणी टाकलेले तंगुसाचे गुंते दिसले तर तेही उचलून सोबत न्यावेत.